कपाशीने वाचलेलं जिवाणूचं जनुक

जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावलकडे मे महिन्यात ठिबकवर कपाशी लावताना सरकीचा रंग बोटांना लागतो. पुष्कळ जण त्यालाच बीटीचं, म्हणजे बोंडअळी मारणारं, औषध समजतात. तो रंग रसशोषक किडींसाठीच्या बीजप्रक्रियेचा. बीटीचं प्रथिन बाहेरून कोणी चोळलेलं नसतं, ते झाड आपल्या पेशींत स्वतः तयार करतं. पण मूळ प्रथिन मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचं. मग कपाशीला ते जमतं कसं?

जनुक म्हणजे डीएनएवर ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. पेशी ही मूळ प्रत केंद्रकाबाहेर जाऊ देत नाही. तिची आरएनएमध्ये नक्कल होते, टीच्या जागी यू येतो आणि ती नक्कल प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमकडे जाते. रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचत पुढे सरकतो. यूजीजी दिसलं की ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, साखळीला जोडलं जातं. यूएए आलं की काम थांबतं. क्राय१एसी या बीटी प्रथिनाची पूर्ण साखळी ११७८ आम्लांची. कोणत्या तीन अक्षरांना कोणतं आम्ल, हा तक्ता जिवाणूत, कपाशीत आणि आपल्यातही जवळपास सारखाच आहे. तो उलगडल्याबद्दल १९६८ साली नोबेल मिळालेल्या तिघांत आपले हरगोविंद खुराना होते.

तरीही जिवाणूचं जनुक जसंच्या तसं झाडात घातलं तेव्हा प्रथिन जेमतेम तयार झालं. खरी गंमत इथे आहे. ल्युसिन हे एकच आम्ल सहा वेगवेगळ्या त्रिकुटांनी लिहिता येतं आणि प्रत्येक सजीवाची पसंती निराळी. धुळ्याची अहिराणी पुण्यात अडखळत समजावी, तसं काहीसं. शिवाय जिवाणूच्या मजकुरात ए आणि टी फार. त्यातले काही तुकडे झाडाला ‘संदेश संपला’ अशी खूण वाटत आणि नक्कल अर्धवटच तुटे. शास्त्रज्ञांनी मग प्रथिन तेच ठेवून अक्षरं बदलली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात अशा बदलाने काही झाडांत प्रथिन शंभर पटीपर्यंत वाढलं होतं. भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ मध्ये.

जनुक प्रत्येक पेशीत असलं तरी प्रथिन सगळीकडे सारखं नसतं. कोवळ्या पानात भरपूर, बोंडाच्या सालीत कमी, आणि पीक जुनं होत जातं तसं आणखी कमी. नेमकी गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते.

तिने तोड काढली तीही याच यंत्रणेतून. बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि मग आतड्याला भोकं पडतात. अळीच्या पेशीत आरएनएची नक्कल आधी काटछाट होऊन, नको ते तुकडे काढून जोडली जाते. भारतातल्या शेतांतून आणलेल्या, बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांत कॅडहेरिनची ही काटछाट चुकत असल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. मध्येच थांब्याचं त्रिकूट येतं, कॅडहेरिन अपुरं राहतं आणि विषाला चिकटायला जागाच मिळत नाही.

पुढे दोन जनुकांच्या वाणांनाही तिने जुमानलं नाही. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोचत नाही, म्हणून आता भर आहे तो डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) वेळीच तोडण्यावर, नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांवर आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक राखून पुढचं उत्पन्न, न घेण्यावर. कपाशी शेतात जितकी रेंगाळेल, तितक्या अळीच्या पिढ्या वाढतात.