ओख्ता ते लाख्ता : गाझप्रोमच्या मनोऱ्यामागचा इतिहास

सेंट पीटर्सबर्गच्या वायव्येला, फिनलंडच्या आखाताच्या काठी ४६२ मीटर उंचीचा लाख्ता सेंटर हा मनोरा उभा आहे. युरोपातील सर्वांत उंच ठरलेली ही इमारत गाझप्रोम या रशियन ऊर्जा कंपनीसाठी बांधली गेली. ती मुळात येथे होणार नव्हती. तिची पहिली जागा नेवा नदीच्या उजव्या तीरावर, ओख्ता नदीच्या मुखाशी, स्मोल्नी कॅथेड्रलच्या समोर ठरली होती, आणि तेथून ती हटली ती चार वर्षे चाललेल्या विरोधानंतर.

हा विरोध समजून घ्यायचा तर या शहराच्या आकाशाकडे पाहावे लागते. येथील जमीन सपाट व दलदलीची आहे आणि नेवेचे पात्र रुंद आहे, त्यामुळे उंच वस्तू फार दुरून दिसते. १८४४ मध्ये झार पहिला निकोलस याने खासगी घरांची उंची ११ साझेन, म्हणजे सुमारे साडेतेवीस मीटर, एवढीच ठेवण्याचा हुकूम काढला. कोणाचेही घर हिवाळी महालापेक्षा उंच असू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या हुकमाने शहराला छपरांची एक आडवी रेघ दिली. तिच्यावर पीटर आणि पॉल कॅथेड्रलचा १२२.५ मीटरचा सुवर्णमंडित सुळका आणि सेंट आयझॅकचा घुमट अशी मोजकीच शिखरे उठून दिसतात. दिमित्री लिखाचोव यांच्यासारख्या विद्वानाने या ‘आकाशरेषे’चे महत्त्व आवर्जून मांडले, आणि १९९० मध्ये शहराचा ऐतिहासिक भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

२००५ मध्ये गाझप्रोमने सुमारे १३ अब्ज डॉलर मोजून सिबनेफ्त ही तेल कंपनी ताब्यात घेतली. तिचेच पुढे गाझप्रोम नेफ्त झाले. तिची नोंदणी सायबेरियातील ओम्स्क येथून सेंट पीटर्सबर्गला आली की तिचा कर शहराला मिळणार होता. मनोऱ्याच्या खर्चात महापालिकेच्या तिजोरीचा मोठा वाटा सुरुवातीला धरला गेला, त्याचे कारण हेच. २००६ च्या वास्तुस्पर्धेत ज्याँ नुव्हेल, रेम कूलहास, डॅनिएल लिबेस्किंड असे नामवंत उतरले होते. निवड झाली ती आरएमजेएम या ब्रिटिश संस्थेच्या सुमारे ४०० मीटर उंच आराखड्याची. नॉर्मन फॉस्टर, राफाएल विन्योली आणि किशो कुरोकावा हे परीक्षक मात्र अंतिम निर्णयात सहभागी झाले नाहीत. कुरोकावा यांनी तर उंचीच्या प्रश्नावरून राजीनामा दिला. ज्यांचे मत सर्वांत आधी ऐकायला हवे होते तेच बाजूला झाले, आणि माझ्या मते प्रकल्पाची नैतिक बाजू तेथेच लंगडी पडली.

उंचीइतकाच गंभीर प्रश्न जमिनीखाली होता. ओख्ताच्या मुखाशी स्वीडिशांनी १३०० मध्ये लांडस्क्रोना आणि १६११ मध्ये न्येनस्कान्स हे किल्ले बांधले होते. दुसरा किल्ला पीटर द ग्रेटने १७०३ मध्ये जिंकला आणि त्याच वर्षी नदीच्या खालच्या अंगाला नवे शहर वसवले. बांधकामापूर्वीच्या उत्खननात या किल्ल्यांचे खंदक व तटाचे अवशेष तर निघालेच, शिवाय त्याखाली नवाश्मयुगीन वस्तीच्या खुणाही सापडल्या. ज्या जागेत शहराच्या जन्माआधीचा सगळा इतिहास थरांनी साठला होता तेथे मनोऱ्याचा पाया खोदणे म्हणजे ते थर कायमचे गमावणे होते. उंच इमारत निदान पाडता तरी येते.

शंभर मीटरची मर्यादा असलेल्या जागेवर ४०३ मीटरची परवानगी २००९ च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर वालेंतिना मात्वियेन्को यांच्या प्रशासनाने दिली. त्याच महिन्यात हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. हर्मिटाज संग्रहालयाचे संचालक मिखाईल पिओत्रोव्स्की आणि गायक युरी शेवचुक हेही विरोधात होते, आणि वारसा यादीतील स्थानाविषयी युनेस्कोने वारंवार चिंता कळवली. अखेर डिसेंबर २०१० मध्ये प्रकल्प हलवण्याचे जाहीर झाले.

नवी जागा ऐतिहासिक मध्यभागापासून सुमारे नऊ किलोमीटरवर होती. २०१२ मध्ये काम सुरू झाले. मऊ जमिनीमुळे दोन मीटर व्यासाचे २६४ खांब खोलवर उतरवावे लागले, आणि २०१५ मध्ये पायाच्या तळाशी १९,६२४ घनमीटर काँक्रीट सलग ओतण्याचा जागतिक विक्रम झाला. २०१८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. नेवेच्या काठावरून तो आजही दिसतो, कारण सपाट प्रदेशात नऊ किलोमीटर म्हणजे फार अंतर नव्हे.

२०२१ मध्ये गाझप्रोमने त्याच्याच शेजारी ७०३ मीटरच्या दुसऱ्या मनोऱ्याचा प्रस्ताव मांडला. ओख्ताच्या मुखाशी मात्र वाद शमला नाही: २०२० मध्ये तेथे कमी उंचीच्या व्यावसायिक संकुलाचा आराखडा निवडला गेला, तेव्हा किल्ल्यांच्या अवशेषांवर काहीच बांधू नये आणि तेथे पुरातत्त्वीय उद्यान करावे, ही मागणी घेऊन नागरिक पुन्हा पुढे आले.