बेस प्लेट, कठड्याच्या खांबाची

जिना, गॅलरी किंवा पादचारी पुलाच्या कठड्याचा पोलादी खांब बुडाशी ज्या चौकोनी प्लेटला वेल्ड करतात आणि जी बोल्टने खाली जखडतात, ती बेस प्लेट. इमारतीच्या स्तंभाची प्लेट वरच्या भाराने दाबून धरलेली असते. कठड्याच्या खांबाला तो आधार जवळजवळ नसतो. माणसे टेकली, रेटली की माथ्यावर आडवा जोर येतो आणि बुडाशी येणारा बेंडिंग मोमेंट (खांब वाकवणारा परिणाम: जोर गुणिले उंची) बोल्टांच्या ओढीवरच पेलावा लागतो. म्हणून एवढ्याशा प्लेटचीही तपासणी मनापासून करायला हवी.

जोर किती धरायचा, हे वापरावर ठरते. अमेरिकी मानकात माथ्यावर मीटरला सुमारे ०.७३ किलोन्यूटन किंवा एकाच जागी ०.८९ किलोन्यूटन धरतात. युरोपीय मानकात मोठ्या गर्दीच्या जागांसाठी आकडा मीटरला ३ ते ५ किलोन्यूटनपर्यंत जातो.

समजा, जोर मीटरला ०.७५ किलोन्यूटन, खांबांतले अंतर १.५ मीटर, उंची १.१ मीटर. मोमेंट १.२४ किलोन्यूटन-मीटर, १.५ या सुरक्षा गुणकाने १.८६. खांब ५० मिमीचा चौकोनी पाइप, प्लेट १५० मिमी चौरस, चार बोल्ट कडेपासून ३० मिमी आत. खांब बाहेर रेटला की आतले दोन बोल्ट ओढले जातात आणि प्लेटची बाहेरची कड काँक्रीटवर दाबली जाते. दाबाचा मध्य त्या कडेपासून १० मिमी आत धरला, तर लिव्हर आर्म (ओढ आणि दाब यांतले अंतर) ११० मिमी आणि ओढ सुमारे १७ किलोन्यूटन, म्हणजे बोल्टमागे ८.५.

आता प्लेटचा वाक. बोल्टांच्या रेषेपासून पाइपची कड २० मिमीवर आहे. तेवढेच पाहून अनेकजण थांबतात. पूर्ण रुंदी आणि २५० मेगापास्कल ताणाला कायमचे वाकू लागणारे पोलाद धरून तिथे ६.३ मिमी जाडी पुरते. पण दाबाच्या बाजूला हेच अंतर ४० मिमी, मोमेंट दुप्पट आणि जाडी ८.९ मिमी लागते. जोर पाइपपासून ४५ अंशांत पसरतो असे मानून रुंदी १३० मिमीच घेतली, तर ९.६. म्हणजे १० मिमी जेमतेम चालेल, ८ मिमी नाही.

पातळ प्लेटचा तोटा एवढ्यावर संपत नाही. ती वाकली की दाबाचा मध्य खांबाकडे सरकतो. लिव्हर आर्म ९० मिमीवर आला, तर ओढ जवळपास २१ किलोन्यूटन होते. खाली पोलादी तुळई असेल तर बोल्टापलीकडची कड टेकून उलट रेटा देते आणि बोल्टावरचा ताण आणखी वाढतो. याला प्रायिंग म्हणतात.

काँक्रीटमध्ये बोल्ट स्वतः सहसा तुटत नाही, त्याच्याभोवतीचा काँक्रीटचा शंकू उपटून येतो. बोल्ट ८० मिमी खोल असतील तर २४० मिमीपेक्षा जवळच्या बोल्टांचे शंकू एकमेकांत घुसतात. ९० मिमीवरच्या दोन बोल्टांची ताकद एकाच्या दुप्पट धरणे ही चूक आहे. स्लॅबची कड जवळ असली की ती आणखी घटते. वेल्डही चारही बाजूंनी सलग हवा, कारण पाइपच्या एका बाजूवर ढोबळ मानाने ३७ किलोन्यूटन येतात, म्हणजे दोन्ही बोल्टांच्या एकत्रित ओढीच्या दुपटीहून जास्त.

प्लेट नटांवर टेकवून खालची फट ग्राऊटने (पातळ सिमेंट मसाल्याने) भरली नसेल तर बोल्टांनाही वाक येतो. बसवलेल्या कठड्यात प्लेट किंवा बोल्ट कमी पडत असल्याचा दोष हाताने कळतो: माथा रेटताच प्लेटच्या आतल्या कडेखाली केसाएवढी फट उघडते, सोडताच मिटते, आणि तिथल्या रंगावर तांबूस रेघ उमटलेली असते.