बाईकला रुंद टायर टाकायचाय? आरटीओ, कागदपत्रं आणि नियम काय म्हणतात

मागचा टायर एक नंबर रुंद टाकायचा विचार आला की सगळे आधी हेच विचारतात, आरटीओची परवानगी लागते का? त्याच्या आधी बाईकचं मॅन्युअल काढा. कंपनीने तुमच्या मॉडेलला जो साईज दिलाय तोच टाकताय, फक्त ब्रँड वेगळा आहे, तर अर्ज-बिर्ज काही लागत नाही. फक्त आयएसआय मार्क बघा (दुचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७) आणि साईजच्या पुढे जो ५५पी सारखा आकडा-अक्षर असतं ना, म्हणजे वजन आणि स्पीड, ते मूळ टायरपेक्षा कमी नको.

साईज मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा वेगळा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय. आता दुकानवाले म्हणतात दुचाकीच्या आरसीवर टायरचा साईज छापलेलाच नसतो, कोण बघतंय, आणि कलमात बदल म्हणजे रचनेतला, मूळ वैशिष्ट्य बदलणारा बदल असंही लिहिलंय, त्यामुळे थोडी पळवाट दिसते हे खरं. पण माझं स्पष्ट मत, त्या भरवशावर राहू नका, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि अपघात झाला की इन्शुरन्सचा सर्व्हेअर टायर बघतोच.

गणित पण करून बघा. १००/९०-१७ मध्ये १०० म्हणजे एमएममध्ये रुंदी, ९० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. १००/९०-१७ काढून १२०/८०-१७ टाकला तर टायर २० एमएम रुंद होतो, म्हणजे चेनच्या बाजूला १० एमएम जागा गेली, आणि टायरची एकूण उंची, म्हणजे बाहेरचा व्यास, साधारण ६१२ वरून ६२४ एमएम होते. मडगार्ड, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), चेन कव्हर, कुठेही घासायला नको. रिमची रुंदीसुद्धा बघा, १७ x एमटी २.१५ असं काहीतरी रिमवरच कोरलेलं असतं, ती टायर कंपनीच्या चार्टमध्ये बसली पाहिजे.

तरीही करायचंच असेल तर टायर बसवायच्या आधी आरटीओत लेखी विचारा. टायरसाठी वेगळा फॉर्म नाही, परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीतल्या बदलाची, म्हणजे अल्टरेशनची जी सेवा आहे त्यातूनच जावं लागतं. आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) एवढं तयार ठेवा, लोन चालू असेल तर बँकेचं संमतीपत्र आधी घ्या कारण त्याला वेळ लागतो. गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवावी लागते. मंजूर झालं तर आरसीत नोंद करून घ्या, इन्शुरन्स कंपनीला मेल टाका आणि टायरचं बिल जपून ठेवा. नाही म्हणाले तर मूळ साईजमध्येच चांगल्या ग्रिपचा टायर घ्या.