इंजेक्शनचा कोर्स संपला म्हणून चंदी वाढवू नका

लग्नसराई आणि जत्रा-शर्यतींच्या दिवसांत आमच्या पशुखाद्याच्या दुकानात काउंटरवर हा प्रसंग हमखास घडतो. जखम पिकली किंवा ताप आला म्हणून डॉक्टरांनी घोड्याला अँटिबायोटिकचा कोर्स दिलेला असतो. जखम भरते, पण लीद पातळ होते आणि चंदी, म्हणजे दाण्या-भरड्याचा खुराक, तोबऱ्यात तशीच राहते. मालक येऊन सांगतात, "जुलाबाची पावडर द्या, आणि घोडं उतरलंय, हरभऱ्याचा भरडा जरा जास्त बांधा." पावडर आम्ही देतो. भरडा बांधताना मात्र हात आखडता घेतो आणि काहीजण रागावतात. गिऱ्हाईक परत पाठवायची हौस आम्हालाही नाही.

घोडं बैलासारखं रवंथ करत नाही. त्याचा कडबा मागच्या मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंच्या जोरावर पचतो. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर या कामाच्या जिवाणूंनाही झोडपतं. ती जागा रिकामी झाली की क्लॉस्ट्रिडियम, साल्मोनेला असे जंतू बोकाळतात. अशा वेळी पोटभर भरडा गेला तर त्यातला न पचलेला पिष्टमय भाग मागे उतरतो, आंबतो, आम्ल होतं आणि उरलेसुरले जिवाणूही मरतात. पुढे पोट दुखतं. खुरात सूज धरली तर जनावर पाऊल उचलेना होतं आणि महिनोन्‌महिने वाया जातात. चार दिवसांत ताकद भरून काढायला गेलेल्यांचा हंगामच हातचा जातो, हे आम्ही बघत आलोय.

म्हणून डॉक्टरांना विचारून कोर्स चालू असतानाच चंदी निम्म्यावर आणा. सुकी, बुरशी नसलेली वैरण सतत पुढ्यात असू द्या. साधारण 350 किलोच्या घोड्याला दिवसाला 5 ते 7 किलो लागते. लीद घट्ट झाल्यावर दहा-बारा दिवसांत थोडी थोडी करत चंदी पूर्वपदावर आणा, तीही दिवसातून तीन-चार वेळा विभागून. पाणी भरपूर ठेवा. क्षाराची पुडी टाकलीत तर साध्या पाण्याची बादली शेजारी वेगळी हवीच, कारण खारट पाण्याला काही घोडी तोंड लावत नाहीत.

आमच्याकडच्या यीस्टच्या पावडरीबद्दल खरं सांगायचं तर ती पचनाला हातभार लावते, सुरू झालेले जुलाब थांबवेलच असं नाही. अँटिबायोटिकने यीस्ट मरत नाही, त्यामुळे कोर्समध्येही चालते. लॅक्टोबॅसिलसची पावडर असेल तर ते जिवाणूच असल्याने औषधानंतर काही तासांनी द्या. एका घोड्याला एक डबा पुरतो. तीन मागितलेत तरी आम्ही एकच देऊ.

गायी-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं उरलेलं औषध घोड्याला देऊ नका. लिंकोमायसिनने घोड्याचे जीवघेणे जुलाब होतात. कोंबडीखाद्यातल्या मोनेन्सिनने तर हृदयच निकामी होतं, म्हणून आमच्याकडे घोड्याच्या भरड्याचं माप आणि पोती वेगळी असतात. "एवढी शिस्त कशाला?" म्हणणाऱ्यांना हेच उत्तर.

लीद पाण्यासारखी झाली, ताप 101.5 फॅरनहाइटच्या वर गेला, हिरड्या लाल-जांभळ्या दिसल्या किंवा घोडं लोळायला लागलं, तर दुकानात येण्यात वेळ घालवू नका. सरळ डॉक्टरांना किंवा 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि आधी गाव-तालुका सांगा. आपल्याकडे सीमेवर मोबाइलला कुठल्या राज्याचा टॉवर लागेल याचा नेम नसतो. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका. औषध बंद करायचं की बदलायचं हेही डॉक्टरच ठरवतील. अशा घोड्याची बादली वेगळी ठेवा, लीद काढल्यावर साबणाने हात धुवा. साल्मोनेला माणसालाही होतो.

दुकानात येताना औषधाच्या बाटलीचा फोटो आणा. शेवटचा डोस कधी दिला ते आम्ही विचारणारच. भरडा आता अर्ध्या किलोच्या पुडीतही मिळतो, चंदी हळूहळू वाढवताना तेवढाच लागतो. कडब्याची कुट्टीही चाळून ठेवलेली आहे.