रबराचं वन, मोसंबीचं शेत

मोसंबीच्या खोडाला टेप कुठं लावायचा, घोळ तिथूनच सुरू होतो. झाडात कार्बन किती आहे ते काढायचं तर खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर मोजायचा, ही वनमोजणीची जुनी रीत. अंबडकडच्या बागेतलं मोसंबीचं झाड मात्र गुडघ्याएवढं झालं की फुटायला लागतं. १.३ मीटरवर हाताला लागतात त्या फांद्या, काटे आणि कोळ्याची जाळी. रबराचं खोड सरळसोट. केरळात १२५ सेंटिमीटर उंचीवर त्याचा घेर ५० सेंटिमीटर भरला की चीक काढायला घेतात, म्हणजे साधारण सातव्या वर्षी. मोजमापाची सूत्रं अशाच खोडांना सोयीची.

मराठवाड्यात रबर होत नाही. त्याला लागतो त्याच्या निम्माही पाऊस आपल्याकडे धड पडत नाही. तरी पारावर कार्बन क्रेडिटची, म्हणजे झाडात साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या श्रेयाची चर्चा निघाली की रबराचा विषय टाळता येत नाही, कारण लावलेल्या झाडांना वन म्हणायचं की शेत, हा वाद त्याच झाडापाशी येऊन अडला.

रबराचं बी १८७६ मध्ये ब्राझीलमधून लंडनमार्गे आशियात आलं, १९०२ च्या सुमारास केरळात मळे उभे राहिले. पुढची नव्वद वर्षं मोजला तो फक्त चीक. कार्बनचा हिशोब आला हवामान बदलावरच्या १९९७ च्या क्योटो करारानंतर. नवीन वनीकरणाला श्रेय हवं असेल तर ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्या जमिनीवर वन नसावं, अशी अट ठरली. योगायोग असा, की रोजगार हमीतून फळबागा लावायची योजना महाराष्ट्रात १९९० साली आली. तारीख जुळली, नाव जुळलं नाही.

नावाचा घोळ २००० सालचा. त्या वर्षीच्या जागतिक वनगणनेत रबराची लागवड वनात धरली गेली. झाड म्हातारं झालं की पंचवीस-तीस वर्षांनी तोडतात आणि त्याचं फर्निचर होतं, म्हणून हे लाकूड देणारं झाड, असा युक्तिवाद. त्याच व्याख्येत फळबागा आणि तेलताड मात्र बाहेर. एका कलमाच्या ओळीत एवढी काटछाट! बरं, आपल्या देशाची उपग्रहावरची मोजणी वेगळंच सांगते: एक हेक्टरपेक्षा मोठी जागा आणि दहा टक्क्यांवर झाडांची सावली असली की ते वनाच्छादन, मग मालक कुणीही असो आणि झाड कुठलंही. म्हणजे दीड हेक्टरची दाट मोसंबी दिल्लीच्या नकाशात वनाच्छादन, जगाच्या यादीत शेत, आणि तलाठ्याकडच्या गाव नमुना बारावर पीक. लातूरसारख्या जिल्ह्यात, जिथं वन एक टक्काही नाही, तिथं या एका शब्दाने आकडे हलतात. फळझाडाला फळाचे पैसे मिळतात, वेगळं श्रेय कशाला, असं म्हणणारे आहेत. मग चिकाचे पैसे मिळत नाहीत काय?

चिकाचंही एक कोडंच आहे. वाळलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास कार्बन असतो. शुद्ध रबरात ८८ टक्के. पण चीक टायर होऊन रस्त्यावर जातो, त्यामुळे मळ्याच्या साठ्यात तो धरला जात नाही. साठा म्हणजे आज झाडात आहे ते, आणि वर्षाला भर पडते ती वेगळी. जाहिरातीत हे दोन्ही आकडे बिनदिक्कत एक होतात.

लावलेली झाडं टिकतील याची हमी काय, म्हणून २००३ मध्ये वनीकरणाला मुदतीचं, तात्पुरतं श्रेय द्यायचं ठरलं. युरोपच्या कार्बन बाजाराने ते घेतलंच नाही. ती भीती किती खरी, हे जालन्याने २०१२-१३ च्या दुष्काळात पाहिलं. टँकरने पाणी घालूनही बागा वाळल्या, कुऱ्हाड लागली, पंधरा-वीस वर्षांचा साठा सरपण होऊन चुलीत गेला.

इकडे आग्नेय आशियात १९९३ पासून रबरासाठी ४० लाख हेक्टरपेक्षा जास्त जंगल गेल्याचं २०२३ मध्ये उपग्रहचित्रांवरून मांडलं गेलं. जागतिक व्याख्येप्रमाणे त्यातला मोठा भाग वनाच्या जागी वनच. त्याच वर्षी युरोपने नियम केला, की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेलं रबर तिथं विकता येणार नाही. या नियमापुरतं रबर शेती ठरलं. अंमलबजावणी पुढं ढकलली गेली आहे. नियमातल्या सात जिनसांत गुरं, कोको, कॉफी, तेलताड, रबर, सोयाबीन आणि लाकूड आहे. मोसंबी तिथंही नाही.