उठावाचे रंगकाम (स्केल मॉडेल)

स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची ठरावीक प्रमाणातली छोटी प्रतिकृती. तिच्या प्लास्टिकच्या किटमध्ये रिव्हेट, खटके, डायलच्या कडा, मोटारीवरची नावे, सैनिकाच्या पट्ट्याचे बकल असे बारीक उंचवटे साच्यातूनच उमटून येतात. ते रंगाने उठून दिसतील असे करणे म्हणजे उठावाचे रंगकाम. विमानाच्या कॉकपिटमध्ये त्याची खरी परीक्षा होते. खऱ्या विमानातल्या नेहमीच्या मोठ्या डायलचा व्यास सुमारे ८० मिमी असतो. १/४८ प्रमाणात तो १.७ मिमी होतो आणि १/७२ मध्ये जेमतेम १.१ मिमी. एवढ्या जागेत आकडे लिहिण्याचा प्रश्नच येत नाही; ते आहेत असा भास तेवढा करायचा. त्यातले निम्मे काम साच्याने आधीच केलेले असते, त्यामुळे रंग जितका कमी तितके बरे.

सर्वांत रुळलेली पद्धत ड्रायब्रशची. पॅनलला आधी गडद करडा रंग देतात. निव्वळ काळा दिला तर सावलीला जागाच उरत नाही. मग जुना चपटा ब्रश फिक्या करड्या रंगात टेकवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलक्या हाताने फिरवायचा. रंग फक्त माथ्यांवर बसतो. हात थोडा जड पडला की सगळे पॅनल खडूची पूड सांडल्यासारखे दिसते, आणि नवशिक्यांच्या बहुतेक कॉकपिटांचे हेच होते. लाल-पिवळी बटणे शेवटी टूथपिकच्या टोकाने टिपतात.

पुसून काढण्याची पद्धत याहून स्वच्छ. आधी पांढरा ॲक्रिलिक लावून पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर काळा इनॅमल, म्हणजे तेलावर आधारलेला रंग. तो पक्का होण्याआधी व्हाइट स्पिरिटने (इनॅमल विरघळवणाऱ्या द्रवाने) किंचित ओलावलेले कापड बोटावर ताणून पृष्ठभागावरून फिरवले, की माथ्यावरचा काळा निघतो आणि खालचा पांढरा उघडा पडतो. व्हाइट स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही, म्हणून हे जमते. रंगांचा क्रम उलटा केला तर वरचा वाळलेला ॲक्रिलिक व्हाइट स्पिरिटने निघतच नाही. मोटारींच्या किटमध्ये क्रोमच्या अक्षरांसाठी रंगकामाआधीच अक्षरांवर पातळ धातूची फॉइल दाबून बसवतात, वरून बॉडीचा रंग मारतात आणि मग अक्षरांच्या माथ्यावरचा रंग तेवढा घासून काढतात.

पुण्यात या कामाला पूरक असा हात फार आधीपासून आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे साच्यातून निघतात. त्यांच्या पगडीची आणि ढालीची नक्षी उठावावरच रंगवलेली असते. गणपतीच्या मूर्तीत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. १/३५च्या सैनिकाचे मात्र अनेक जण डोळे आधी रंगवतात, कारण चुकलेली रेघ नंतर चेहऱ्याच्या रंगाने झाकता येते.

विमानांचे म्हणाल, तर सुखोई-३० हवाई दलात १९९७ साली पुण्याच्या लोहगाव तळावरच दाखल झाले. नंतरच्या एमकेआय आवृत्तीच्या कॉकपिटमध्ये सपाट पडदे आहेत. ते रंगवायला सोपे, पण त्यांच्या चौकटींवरची बटणे डोळ्यांचा घाम काढतात. मिग-२१ मध्ये गोल डायलांची गर्दी आणि भोवती निळसर हिरवा रंग. या रंगावर पांढरा ड्रायब्रश विशोभित दिसतो. मूळ छटेतच थोडा पांढरा मिसळून वापरलेला बरा.

ब्रशबद्दल एक गैरसमज पक्का आहे. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या साहित्यात ट्रिपल झिरो (०००) नंबरचा अतिबारीक ब्रश शोधत जाणारे पुष्कळ. पण इतक्या बारीक ब्रशमध्ये रंगच मावत नाही आणि डायलपर्यंत पोचेतो टोक वाळलेले असते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर हमखास. चांगले टोक असलेला शून्य किंवा एक नंबर, रंगात थोडे रिटार्डर (रंग वाळणे लांबवणारे द्रव्य) आणि दोन्ही मनगटे टेबलाला टेकलेली, एवढे पुरते.

पावसाळ्यात अडचण उलटी. दमट हवेत स्प्रेच्या वॉर्निशवर पांढुरकी झाक येते आणि ती नेमकी उठावाच्या कडेला साचते. अशा दिवसांत पाण्यात मिसळणारे मॅट वॉर्निश ब्रशने लावतात. डायलची काच दाखवणारा चकचकीत वॉर्निशचा थेंब त्या मॅट थराच्या आधी टाकला तर झाकोळून जातो, म्हणून तो नंतरच टाकायचा.