ताणावरची मोसंबी आणि मरणारी मोसंबी

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रस्त्याला, किंवा जालना रोडनं करमाड-बदनापूरच्या बाजूला नवी रो-हाऊस उभी राहिली की बऱ्याच ठिकाणी त्यांच्या मागच्या भिंतीला मोसंबीची बाग लागून असते. घर घेताना ती हिरवीगार दिसलेली असते. दिवाळी उलटली की तिचा रंग उतरायला लागतो. पानं निस्तेज होतात, दुपारी आत वळतात, मग गळू लागतात. बांधाला वाळक्या काटक्यांचे ढीग पडतात. कॉलनीत बोलणं सुरू होतं: मालकानं बाग सोडून दिलेली दिसते, आता इथंही प्लॉटिंग पडणार.

बहुतेक वेळा असलं काही नसतं. बाग ताणावर असते, म्हणजे फूल एकदम यावं म्हणून मालकानंच तिचं पाणी मुद्दाम तोडलेलं असतं. पण त्याच पट्ट्यात काही बागा खरोखर मरतही असतात, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. हा फरक बागेशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवा असं मला मनापासून वाटतं. एका बागेला पाणी दिलं तर मालकाचं वर्ष वाया जातं आणि दुसरी बऱ्याचदा पाण्यानंच मरत असते. त्यातलं थोडं पाणी आपल्या कॉलनीतून गेलेलं असतं.

आधी ताण. मोसंबीला मोकळं सोडलं तर ती वर्षातून दोन-तीनदा थोडी थोडी फुलते, आणि अशा बागेत एकाच झाडावर लहान, मोठी, पिकलेली फळं एकत्र लटकतात. तोडणीला परवडत नाही, व्यापारी भाव पाडतो. म्हणून शेतकरी एक बहार धरतो, म्हणजे सगळी बाग एकाच वेळी फुलवतो. आपल्याकडं बराच भर आंबे बहारावर असतो: जानेवारी-फेब्रुवारीत फूल, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फळ. त्यासाठी आधीचा माल उतरला की पाणी तोडतात. पाणी तुटलं की झाडाची नवी पालवी थांबते, मुळं कमी ओढतात, पानांनी बनवलेलं अन्न वाढीत खर्च न होता फांद्यांमध्ये साठतं. त्या साठ्याच्या जोरावर पुढं कळ्या धरतात. थंडीही यात हातभार लावते, त्यामुळं डिसेंबरात कडाका पडला की आपण स्वेटर शोधतो आणि बागवाला खूश असतो.

ताण किती द्यायचा हे जमिनीवर ठरतं. हलक्या, मुरमाड रानात साधारण 30 ते 35 दिवसांत झाड दाखवायला लागतं, मध्यम जमिनीत 45च्या आसपास, आणि भारी काळ्या रानात 60 दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. एकाच रस्त्याच्या अलीकडची बाग सुकलेली आणि पलीकडची हिरवी दिसते, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. पाव भाग पानं गळाली, उरलेली फिकी पडली, की ताण बसला असं समजतात.

आमच्या भागात नवीन आलेल्या एका ताईंनी बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बागवाल्याला विचारलं होतं, "बाबा, बाग वाळतेय का हो? बोअरचं पाणी गेलं का?" ते म्हणाले, "न्हाई माय, ताणावर हाय. मीच पाणी तोडलंय." आणि त्यांनी हातानं शेततळं दाखवलं. तळं काठोकाठ भरलेलं होतं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: शेततळ्यात पाणी आहे, ठिबकच्या नळ्या नीट पसरलेल्या आहेत, झाडाखाली वखरणी झालेली आहे, तण नाही, आणि तरी झाडं कोमेजलेली आहेत. म्हणजे तिथं माणूस काम करतो आहे. वाळक्या काटक्यांचा ढीगही त्याच कामाचा भाग आहे. फळ उतरल्यावर झाडातली सल, म्हणजे वाळून गेलेल्या बारीक फांद्या, कापून काढतात. ती सल बाहेर पडली नाही तर रोग तिथंच मुक्काम करतो.

आता मरणारी बाग. तिची पहिली खूण अशी की ती सगळी एकदम सुकत नाही. ताणावरची बाग ओळीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी उतरते, कारण पाणी सगळ्यांचंच तोडलेलं असतं. रोगाची बाग ठिपक्याठिपक्यानं जाते: इथं एक झाड, चार झाडं सोडून दुसरं, बहुतेक उताराच्या खालच्या अंगाला. त्या झाडातही एखादीच बाजू जाते. शेंड्याकडून फांदी वाळत खाली येते, त्याला शेंडेमर म्हणतात. पानाची मधली शीर पिवळी पडते आणि बाकीचं पान थोडे दिवस हिरवं राहतं. ताणात मात्र सगळं पान सारखंच फिकं होतं.

जवळ जायला मिळालं, मालकाला विचारून, तर खोडाकडं बघा. जमिनीपासून वीतभर किंवा थोडं वर, जिथं जंबेरी किंवा रंगपूर या लिंबाच्या जातींच्या खुंटावर मोसंबीचा डोळा बांधून कलम केलेलं असतं, त्या भागात सालीला उभी चीर पडलेली आणि तिच्यातून तांबूस डिंक पाझरलेला दिसला तर तो डिंक्या. ही फायटोफ्थोरा नावाची बुरशी. ती मातीत राहते आणि ओल साठली की मुळांवर, खोडावर चढते. डिंक सुकला की काचेच्या मण्यासारखा चिकटून राहतो आणि बोटानं दाबला तर खालची साल मऊ, तपकिरी लागते. ताणावरच्या झाडाच्या बारीक फांदीची साल नखानं खरवडली की आत ओलसर हिरवं दिसतं. मेलेल्या फांदीत ते तपकिरी आणि कोरडं असतं. मात्र खरवडायचं तर एका काडीवर आणि मालकासमोरच.

खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत निळसर पांढरा लेप दिसला तर तो शोभेचा रंग नव्हे. ती बोर्डो पेस्ट: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती लावतात ती याच डिंक्यासाठी. लेप ताजा असेल तर बागेकडं लक्ष आहे, एवढं नक्की धरा.

एक खूण फार फसवते. मरायला टेकलेलं मोसंबीचं झाड कधी कधी अवेळी, फांदी दिसणार नाही इतकं फुलतं. खोडाची साल कुजली की पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, वरच अडकतं, आणि झाड सगळं बळ फुलांत घालतं. भिंतीवरून बघणारा म्हणतो, व्वा, काय बहरलंय! फळं धरतात तीही बारीक, पिवळट, आणि बहुतेक गळतात. शेजारची सगळी झाडं शांत असताना एकच झाड असं फुललं असेल तर ती चांगली बातमी नाही.

आता आपल्या पाण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. मराठवाड्याची भारी काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून जुन्या बागवाल्यांनी चर काढले, उतार बघून ओळी टाकल्या, पाणी ओढ्याला लावून दिलं. मग बाजूला लेआउट पडला. भराव घातला, सिमेंटचा रस्ता झाला, मधला नाला बुजला किंवा त्याच्यावर पाईप टाकला. जुलै-ऑगस्टचं पाणी पूर्वी ज्या वाटेनं निघून जायचं ती वाट बंद झाली, आणि ते खालच्या बागेत दोन-दोन दिवस उभं राहू लागलं. मुळांना हवा मिळत नाही, बुरशीला हवं ते मिळतं. भरावाची माती वाहून येऊन खोडाशी बसते आणि डोळा मातीखाली जातो. खालचा खुंट, विशेषतः रंगपूरचा, या बुरशीला वरच्या मोसंबीपेक्षा जास्त तोंड देतो. म्हणूनच डोळा जमिनीच्या वर ठेवायचा असतो.

दुसरं सांडपाणी. ड्रेनेज लाईन नसलेल्या कॉलनीत धुण्याभांड्याचं पाणी भिंतीच्या भोकातून मागं सोडून देतात. बाग सुकलेली दिसते, तेव्हा कुणाला वाटतं, तेवढाच झाडांना आधार. ताणाच्या मधोमध ते पाणी मुळाशी गेलं की झाड अर्ध्यातच जागं होतं. फुलांऐवजी पालवी फुटते, किंवा थोडं फूल आता आणि थोडं नंतर येतं. अवकाळी पावसानं नेमकं हेच होतं, आणि ताण मोडू नये म्हणून मग वाढ रोखणाऱ्या औषधाची फवारणी करावी लागते. पावसाला कुणी थांबवू शकत नाही, भिंतीतलं भोक बुजवता येतं. झाडांवरच्या प्रेमापोटी बागेत पाईप लावणारेही पाहिलेत. त्यांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून हे आधी सांगायला हवं.

ताण तोडायचं पाणी मालक स्वतः देतो, आणि तेही एकदम नाही. आधी हलकं पाणी, ती अंबवणी. काही दिवसांनी जरा जास्त, ती चिंबवणी. मग खत आणि नेहमीच्या पाळ्या. दोन-तीन आठवड्यांत पालवी आणि कळी एकत्र दिसू लागते, आणि ती सगळ्या बागेत दिसते. रोगट बागेला पाणी दिल्यावरही काही झाडं तशीच उभी राहतात.

दुष्काळात मात्र दोन्हींतली रेघ पुसली जाते. ताण देणं हातात असतं, तो तोडायला पाणी लागतं. 2012-13 साली जालना जिल्ह्यात हेच झालं. विहिरी-बोअर आटले, टँकरनं बागा जगवायची धडपड झाली, आणि कितीतरी बागा वाळून शेवटी कुऱ्हाडीखाली गेल्या. मोसंबी लावून पहिलं बरं उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं जातात, त्यामुळं तोडलेली बाग म्हणजे एका वर्षाचं नुकसान नव्हे. त्याच जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते टिकवणारी झाडं आज शहराच्या हद्दीला टेकली आहेत.

म्हणून फेब्रुवारी संपत आला, बाग अजून सुकलेलीच आहे, शेततळं आटून त्याच्या तळाचा प्लॅस्टिकचा कागद उघडा पडला आहे असं दिसलं, तर ते ताणाचं चित्र नाही. अशा वेळी मालकाशी बोला. कॉलनीच्या टाकीतून देण्याजोगं चांगलं पाणी असेल तर तेव्हा ते विचारून द्या. डिंक्याची शंका असेल तर बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, शहरात दिल्ली गेटजवळ हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, आणि गावासाठी नेमलेला सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) असतो. बहुतेक बागवाल्यांना हे ठाऊक असतं, पण रोज भिंतीवरून बघणाऱ्याला कोपऱ्यातलं एखादं झाड त्यांच्या आधी दिसू शकतं.

मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचं फूल, धरणाऱ्या बागा उन्हाळ्यात ताणावर जातात, आणि तेव्हा ओळखणं सगळ्यात अवघड. मे महिन्यात सगळंच करपलेलं असतं. तिथं घाई करू नका. मृगाचा चांगला पाऊस पडून महिना झाला, शेजारच्या ओळी फुटल्या, आणि तरी एखाद्या झाडाला पालवी नाही, तर त्या झाडाचं मालकाला सांगा.